वाचकांचे प्रश्न : ‘व्हायरस’चे अनेकवचन

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ‘बॅक्टेरियम’चे अनेकवचन ‘बॅक्टेरिया’ आणि ‘फंगस’चे ‘फंगाय’ असे सांगितल्यावर वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले की, मग ‘व्हायरस’चे ‘व्हायराय’ का होत नाही? दुसऱ्याने ‘व्हायरिआय’ असे रूप कुठेतरी वाचल्याचे सांगितले. शब्द मूळ लॅटिन आहे एवढेच मला ठाऊक होते, म्हणून ‘इंग्रजीत व्हायरसेस म्हणतात’ असे सांगून मी वेळ मारून नेली. लॅटिनमध्ये हा शब्द नेमका कसा चालतो?

उत्तर : आपण सांगितलेले ‘व्हायरसेस’ हेच इंग्रजीतील प्रचलित आणि निर्दोष रूप आहे, त्यामुळे वर्गात चुकीचे काही सांगितले गेले अशी रुखरुख बाळगू नये. पण विद्यार्थ्याची शंका फार चांगली आहे. ‘व्हायराय’ आणि ‘व्हायरिआय’ ही दोन्ही रूपे लॅटिन व्याकरणाला धरून नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अभिजात लॅटिनच्या ग्रंथांत या शब्दाचे अनेकवचनच आढळत नाही. हे का, ते समजण्यासाठी शब्द थोडा चालवून पाहावा लागेल.

लॅटिन नामांचे, त्यांच्या चालण्यानुसार, पाच वर्ग केलेले आहेत. ‘फंगस’ हा दुसऱ्या वर्गातील पुल्लिंगी शब्द आहे. त्याचा मूळ उच्चार ‘फुंगुस’, आणि प्रथमेचे अनेकवचन ‘फुंगी’. ‘दोमिनुस’ म्हणजे धनी, त्याचे ‘दोमिनी’ हेही तसेच. हा वर्ग म्हणजे संस्कृतातील अकारान्त नामांचा भाऊबंद. ‘रामः’मधला विसर्ग मुळात ‘स्’ आहे आणि ‘दोमिनुस’च्या शेवटचा ‘उस’ हे त्याच प्रत्ययाचे लॅटिन रूप आहे. पण ‘उस’ने संपणारा प्रत्येक लॅटिन शब्द याच वर्गात बसतो असे नाही. ‘गेनुस’ म्हणजे कुळ किंवा प्रजाती, जे इंग्रजीतून आपल्याकडे ‘जीनस’ म्हणून आले, ते तिसऱ्या वर्गातले. त्याचे अनेकवचन ‘गेनेरा’. ‘स्तातुस’ म्हणजे स्थिती, हा चौथ्या वर्गातला. त्याचे अनेकवचन करताना फक्त शेवटचा उकार दीर्घ होतो, ‘स्तातूस’. तेव्हा शेवटी ‘उस’ दिसला की त्या जागी ‘ई’ लावावा आणि मोकळे व्हावे, हा नियम मुळातच कच्चा आहे. शब्दाचा वर्ग आणि लिंग माहीत असल्याशिवाय त्याचे अनेकवचन सांगता येत नाही.

‘वीरुस’ (हा त्याचा रोमन उच्चार, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे) हा दुसऱ्याच वर्गातला शब्द आहे, पण तो नपुंसकलिंगी आहे, आणि सगळी अडचण येथून सुरू होते. दुसऱ्या वर्गातील नपुंसकलिंगी शब्द सहसा ‘उम’ने संपतात: ‘बेल्लुम’ म्हणजे युद्ध, ‘दोनुम’ म्हणजे दान. ‘उस’ने संपूनही नपुंसकलिंगी असलेले या वर्गातले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेही नाहीत. व्याकरणाची पुस्तके तीन नावे देतात: ‘वीरुस’, जनसामान्य या अर्थाचा ‘वुल्गुस’, आणि समुद्र या अर्थाचा, ग्रीकमधून घेतलेला ‘पेलागुस’.

हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे कशावरून? कोशात तसे लिहिले आहे म्हणून, असे उत्तर देता येईल, पण रोमन लेखकांची वाक्येच समोर ठेवली तर अधिक समाधान होते. व्हर्जिलने शेतीवरील काव्याच्या पहिल्या सर्गात, पृथ्वीवरचे सुखाचे युग संपवून ज्युपिटरने कष्टांचे युग कसे आणले ते सांगताना एक ओळ लिहिली आहे: ‘इल्ले मलुम वीरुस सेर्पेन्तिबुस आद्दिदित आत्रीस’, म्हणजे ‘त्याने काळ्या सर्पांना घातक विष दिले’. येथे विष हे कर्म आहे, म्हणजे शब्द द्वितीयेत आहे. तो पुल्लिंगी असता तर ‘मलुम वीरुम’ असे रूप दिसले असते. ‘मलुम’ या विशेषणाशेजारी ‘वीरुस’ न बदलता उभा आहे, याचा अर्थ त्याची प्रथमा आणि द्वितीया एकच आहे. शाळेत संस्कृत शिकलेल्या कोणालाही ही खूण ओळखीची वाटेल. ‘वनम् वने वनानि’ ही ओळ आपण प्रथमेसाठी म्हटली की द्वितीयेसाठी तीच पुन्हा म्हणतो. नपुंसकलिंगाची प्रथमा आणि द्वितीया सारखी असणे हा या सगळ्या भाषाकुळाचा सामाईक वारसा आहे.

याच ओळीतल्या ‘सेर्पेन्तिबुस’कडेही जाता जाता पाहावे. ‘सेर्पेन्स’ म्हणजे सरपटणारा, आपला ‘सर्प’च. त्याला लागलेला ‘बुस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे संस्कृत ‘भ्यः’चा नातेवाईक. ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या ‘ओम्निबुस’ शब्दाची शेपटी तेवढी शिल्लक राहून तिचीच ‘बस’ झाली, आणि एक विभक्तिप्रत्यय रस्त्यावरून धावू लागला.

दुसरा साक्षीदार वैद्यकावर लिहिणारा सेल्सस, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. कुत्रा चावल्यास काय करावे हे सांगताना तो म्हणतो की, विशेषतः कुत्रा पिसाळलेला असेल तर तुंबडी लावून त्याचे ‘वीरुस’ ओढून काढले पाहिजे. ‘काढले पाहिजे’साठी त्याचे शब्द आहेत ‘एक्स्त्राहेन्दुम एस्त’. संस्कृतात आपण ‘विषं निष्कासनीयम्’ म्हणू, तशीच ही रचना आहे आणि ‘एक्स्त्राहेन्दुम’ हे रूपही ‘निष्कासनीयम्’सारखेच नपुंसकलिंगी प्रथमेचे आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत खरोखरच विषाणू असतो, हे समजायला पुढे अठरा शतकांहून अधिक काळ जायचा होता. सेल्ससला अर्थातच ‘विषारी द्रव’ एवढेच म्हणायचे होते. तरीही हे वाक्य वाचताना थबकायला होते.

तिसरा साक्षीदार ल्युक्रेशियस, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला कवी आणि अणुवादी. समुद्राचे पाणी जमिनीतून झिरपत गेले की गोडे होते, कारण त्यातल्या घाणेरड्या खारटपणाचे मूळ कण वरच अडकून राहतात, असे तो सांगतो. ‘घाणेरड्या खारटपणाचे’ यासाठी त्याने ‘ताइत्री वीरी’ ही षष्ठी वापरली आहे. येथे ‘वीरुस’चा अर्थ विष नसून उग्र, नकोशी चव असा आहे. या एका प्रयोगावरून शब्दाचा वर्गही ठरतो, कारण षष्ठीच्या एकवचनात ‘ई’ येणे ही दुसऱ्या वर्गाची खूण आहे. तिसऱ्या वर्गात ‘इस’ आणि चौथ्यात ‘ऊस’ आले असते. लॅटिन कोशांत प्रत्येक नामापुढे प्रथमेबरोबर षष्ठीचा प्रत्यय छापलेला असतो, तो याचसाठी. षष्ठी कळली की उरलेला शब्द चालवता येतो.

आता तो चालवून टाकू. प्रथमा, द्वितीया आणि संबोधन या तिघांत ‘वीरुस’. षष्ठी ‘वीरी’. चतुर्थी ‘वीरो’. पंचमीही ‘वीरो’, लॅटिनमध्ये पंचमीच्याच रूपाला तृतीयेचे आणि बहुधा सप्तमीचेही काम करावे लागते, त्यामुळे ‘विषाने’ आणि ‘विषापासून’ या दोहोंसाठी ते चालते. येथे एकवचन संपले, आणि अभिजात लॅटिनपुरता शब्दही संपला.

अनेकवचन करायचेच झाले तर ते कसे झाले असते? नपुंसकलिंगाच्या प्रथमेचे आणि द्वितीयेचे अनेकवचन लॅटिनमध्ये कोणत्याही वर्गात ‘आ’ने संपते: ‘बेल्लुम’चे ‘बेल्ला’, ‘गेनुस’चे ‘गेनेरा’, आणि आपल्या वर्गात नेहमी येणारे ‘बॅक्टेरिया’. हा ‘आ’ आपल्यालाही परका नाही. ऋग्वेदातल्या विष्णुसूक्तात ‘भुवनानि विश्वा’ असे शब्द येतात. त्यात ‘भुवनानि’ हे आपण शिकलेले अनेकवचन आहे आणि ‘विश्वा’ हे ‘विश्वानि’ या अर्थाचे जुने रूप. लौकिक संस्कृताने हे जुने रूप टाकले, लॅटिनने जपले. या नियमाने ‘वीरुस’चे अनेकवचन ‘वीरा’ आणि त्याची षष्ठी ‘वीरोरुम’ झाली असती. आज कोणी लॅटिनमध्ये शास्त्रीय मजकूर लिहायला बसला तर त्याने ही रूपे वापरण्यास हरकत नाही. मात्र ती नियमाने घडवलेली आहेत, रोमन लेखकांकडून आलेली नाहीत, एवढे भान असावे. ‘व्हायरिआय’ मात्र कोणत्याच नियमाने सिद्ध होत नाही. मुलगा या अर्थाच्या ‘फीलिउस’चे ‘फीलिई’ होते, कारण मूळ शब्दातच एक ‘इ’ आहे. ‘वीरिउस’ असा शब्द असता तरच ‘वीरिई’ झाले असते.

आणि ‘व्हायराय’, म्हणजे लॅटिन लिपीत लिहिलेले ‘विरी’? ते रूप लॅटिनमध्ये आहे, पण वेगळ्याच शब्दाचे. ‘विर्’ म्हणजे पुरुष, आणि ‘विरी’ म्हणजे पुरुष अनेक. पुरुष या अर्थाच्या शब्दात पहिला इकार ऱ्हस्व, विष या अर्थाच्या शब्दात तो दीर्घ. सर्वसाधारण लॅटिन छपाईत ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत, त्यामुळे कागदावर ‘पुरुष’ आणि ‘विषाचे’ हे दोन्ही अगदी सारखे दिसतात. देवनागरीत मात्र ‘विरी’ आणि ‘वीरी’ असे लिहिले की फरक आपोआप दिसतो. या बाबतीत आपली लिपी लॅटिन वाचकाला लॅटिन लिपीपेक्षा जास्त मदत करते. यातली गंमत अशी की, लॅटिन ‘विर्’ हा संस्कृत ‘वीर’चा सगोत्र, आणि लॅटिन ‘वीरुस’ हा संस्कृत ‘विष’चा. संस्कृतात वीर दीर्घ आणि विष ऱ्हस्व, लॅटिनमध्ये नेमके उलट.

आता अनेकवचन का नाही, या मूळ प्रश्नाकडे येतो. रोमन माणसाच्या डोळ्यांपुढे ‘वीरुस’ म्हणताना मोजता येण्याजोगी वस्तू नव्हती. सापाचे विष, वनस्पतीचा चीक, चिकट स्राव, उग्र दर्प, समुद्राच्या पाण्याचा खारटपणा हे सारे त्या शब्दात मावत असे, आणि त्यातले काहीच एक, दोन, तीन असे मोजता येत नाही. मराठीत ‘पाणी’, ‘रक्त’ या शब्दांना आपण एरवी अनेकवचन लावत नाही. दोन रक्ते असे कोणी म्हणत नाही, रक्ताचे दोन थेंब म्हणतो. द्रव्यवाचक नामांची हीच रीत लॅटिनमध्ये होती. तेव्हा अनेकवचन नसणे ही ‘वीरुस’मधली उणीव नाही. शब्दाच्या मूळ अर्थाची ती व्याकरणात उमटलेली खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या शब्दाला नवा अर्थ मिळाला आणि विषाणू मोजण्याची गरज पडली, तेव्हा लॅटिन ही कोणाची मातृभाषा उरली नव्हती. मग प्रत्येक भाषेने आपापली सोय केली. इंग्रजीने आपला प्रत्यय लावून ‘व्हायरसेस’ केले. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांनी शब्द जसाच्या तसा ठेवून केवळ आधीच्या उपपदाने अनेकवचन दाखवले. जर्मनमध्ये तर लिंगावरूनच दोन तट आहेत. वैद्यकीय लेखनात तो नपुंसकलिंगी चालतो, पण बोलताना अनेक जण त्याला पुल्लिंगी करतात, कारण ‘उस’ने संपणारा शब्द पुल्लिंगीच असणार असे जर्मन कानालाही वाटते. आपल्या विद्यार्थ्याच्या मनात जे आले, तेच तेथेही घडले आहे.

प्रश्न : ‘व्हायरस’ला मराठीत ‘विषाणू’ म्हणतात. ‘विष’ आणि ‘व्हायरस’ यांत खरोखर नाते आहे, की केवळ ‘व’ सारखा असल्याचा योगायोग? ‘ष’चा ‘र’ कसा होईल, हे मला पटत नाही.

उत्तर : नाते खरे आहे, आणि आपली शंका योग्य ठिकाणी आहे. ‘व’ जुळतो एवढ्यावर नाते सिद्ध होत नाही. ‘ष’च्या जागी ‘र’ येणे नियमाने दाखवता आले, तरच ते मान्य करावे.

लॅटिनच्या इतिहासात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या आसपास एक ध्वनिबदल पुरा झाला. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स’चा ‘र’ झाला. रोमन वक्ता सिसेरोने एका पत्रात लिहिले आहे की, पापिरिउस घराण्याचे नाव पूर्वी ‘पापिसिउस’ असे होते आणि ते पहिल्यांदा बदलले लूकिउस पापिरिउस क्रासुसने. हा गृहस्थ इसवी सनापूर्वी ३४० च्या सुमारास हुकूमशहा होता. म्हणजे हा बदल रोमनांच्या स्वतःच्या स्मरणातही होता. ‘गेनुस’चे ‘गेनेरा’ होताना मध्येच ‘र’ कोठून आला, याचे उत्तरही हेच: शब्दाच्या शेवटी ‘स’ टिकला, पण पुढे स्वर येताच त्याचा ‘र’ झाला. संस्कृतात ‘जनस्’चे ‘जनसः’ होते, तेथे ‘स’ जागेवरच आहे. उंदीर हा लॅटिनमध्ये ‘मूस’, पण ‘उंदराचा’ म्हणायचे तर ‘मूरिस’. आपला ‘मूषक’ त्याचाच नातलग.

मला सर्वांत आवडणारे उदाहरण मात्र घरातले आहे. संस्कृत ‘स्नुषा’ म्हणजे सून. मराठी ‘सून’ त्याच शब्दापासून आला. लॅटिनमध्ये सुनेला ‘नुरुस’ म्हणतात. आरंभीचा ‘स’ गळाला आणि दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ झाला. ‘स्नुषा’ आणि ‘नुरुस’ यांच्याशेजारी ‘विष’ आणि ‘वीरुस’ ठेवून पाहावे: जेथे संस्कृतात ‘ष’ आहे, तेथे लॅटिनमध्ये ‘र’. संस्कृताकडे ‘ष’ कसा आला, हेही नियमानेच सांगता येते. मूळ ‘स’च्या आधी ‘इ’ किंवा ‘उ’ आला की संस्कृतात त्याचा ‘ष’ होतो, जसे ‘नदीषु’ आणि ‘गुरुषु’, पण ‘मालासु’. म्हणजे दोन्ही भाषा एकाच ‘स’पासून निघाल्या, एक ‘ष’कडे गेली, दुसरी ‘र’कडे. ग्रीकमध्ये विषाला ‘ईओस’ म्हणतात. त्या भाषेत दोन स्वरांमधला ‘स’ आणि आरंभीचा ‘व’ हे दोन्ही लोपले, म्हणून तो शब्द ओळखू येत नाही इतका झिजला. पारशी धर्मग्रंथ अवेस्तेत ‘विश’ आहे. मराठीने तर आणखी एक वळण घेतले. जुन्या मराठीत ‘ष’चा ‘ख’ होऊन ‘विख’ झाले, आणि ‘विखारी’ बोलणे आजही आपल्या तोंडी आहे.

अर्थाच्या बाजूनेही धागा जुळतो. मूळ अर्थ पाझरणारा, ओघळणारा द्रव असा असावा, असे मानले जाते. लॅटिनमध्ये त्याच्या छटा आपण वर पाहिल्या. आपल्याकडे निघंटूत वैदिक शब्दांच्या ज्या याद्या आहेत, त्यांत पाण्याच्या नावांमध्ये ‘विष’ही दिलेले आहे. विष आणि पाणी एका नावाने ओळखली जावीत याचे नवल वाटते खरे, पण ‘द्रव’ हा मूळ अर्थ धरला की ते उरत नाही.

‘विषाणू’विषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्या शब्दाचे मोल आपल्या लक्षात येत नाही. इंग्रज वैद्य एडवर्ड जेन्नरने १७९८ मध्ये गाईंच्या देवीवर लिहिले, तेव्हा ‘व्हायरस’ म्हणजे फोडातला, रोग पसरवणारा द्राव एवढाच त्याचा अर्थ होता. १८९२ मध्ये रशियातील दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या केवडा रोगाने ग्रासलेल्या पानांचा रस, जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला, आणि गाळलेला रसही रोग पसरवतो असे दाखवले. १८९८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनुस बायेरिंक यांनी तेच प्रयोग पुढे नेले आणि हा संसर्ग जीवाणूंचा नव्हे, असा निष्कर्ष काढला. त्यांनी त्याला लॅटिन नाव दिले ‘कोन्ताजिउम विवुम फ्लुइदुम’, म्हणजे ‘जिवंत द्रवरूप संसर्ग’. त्यांच्या मते हे द्रव्य कणांचे नव्हते, द्रवच होते, आणि म्हणूनच ‘वीरुस’ हा जुना द्रववाचक शब्द त्याला शोभून दिसला. पुढे १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याच तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक मिळवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९३९ मध्ये त्याचे काडीसारखे कण दिसले, आणि द्रवाची कल्पना मागे पडली.

लॅटिन शब्दात या शोधाची काहीच नोंद नाही. तो आजही फक्त ‘विषारी द्रव’ म्हणतो. मराठी शब्दात मात्र ‘विष’ आहे आणि ‘अणू’ही आहे: एका बाजूला लॅटिन शब्दाचा नेमका सगोत्र, दुसऱ्या बाजूला बायेरिंक यांना न दिसलेला कण. अनुवाद म्हणून घडवलेला शब्द मूळ शब्दापेक्षा वस्तूच्या अधिक जवळ जावा, असे क्वचित घडते. येथे ते घडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : रोमन लोक हा शब्द नक्की कसा उच्चारत? आणि आपण ‘वायरस’ म्हणावे की ‘व्हायरस’?

उत्तर : रोमन उच्चार ‘वीरुस’: पहिला स्वर दीर्घ, दुसरा ऱ्हस्व, आघात ‘वी’वर, ‘र’ आपल्यासारखा जीभ थरथरवून.

‘वी’ दीर्घ होता हे छंदावरून सिद्ध होते, आणि ज्यांना गण पाडता येतात त्यांना ते स्वतः तपासता येईल. व्हर्जिलची वर दिलेली ओळ सहा गणांची आहे. त्या वृत्तात प्रत्येक गणाचा आरंभ गुरूने होतो आणि पुढे एकतर दोन लघू येतात, म्हणजे आपला भगण होतो, किंवा दुसरा गुरू येतो. ओळ अशी फोडावी: इल्-ले-म, लुम्-वी, रुस्-सेर्, पेन्-ति-बु, साद्-दि-दि, तात्-रीस्. दुसऱ्या गणात ‘लुम्’ गुरू आहे. त्याच्यापुढचा ‘वी’ लघू मानला, तर त्यानंतर आणखी एक लघू हवा. पण पुढे येतो ‘रुस्’, आणि त्याच्या ‘स्’पुढे लगेच दुसरा ‘स’ असल्यामुळे तो गुरूच आहे. गुरू, लघू, गुरू अशी रचना या वृत्तात बसत नाही. तेव्हा ‘वी’ दीर्घच.

आरंभीच्या ‘व’बद्दल अधिक सांगण्याजोगे आहे. रोमन लिपीत ‘उ’ आणि ‘व’ यांना एकच अक्षर होते, आणि ते सोयीचे होते कारण दोन्ही ध्वनी ओठ गोल करून काढले जात. ‘उ’ आणि ‘ई’ झटकन जोडून म्हणावे, की रोमन ‘वी’ मिळतो. ग्रीक लोक ‘वालेरिउस’ हे नाव लिहिताना आरंभी ‘उ’ दाखवणारी अक्षरजोडी वापरत. जर्मन कुळातील भाषांनी फार जुन्या काळी ‘वीनुम’ हा मद्यवाचक शब्द घेतला, तो इंग्रजीत ‘वाइन’ झाला. द्राक्षवेलीचा शब्द बराच नंतर फ्रेंचमार्गे आला, तोवर ध्वनी बदललेला होता, म्हणून तो ‘व्हाइन’ झाला. आपण मराठीत हे दोन शब्द ‘व’ आणि ‘व्ह’ असे वेगळे लिहितो तेव्हा लॅटिनच्या दोन काळांतले अंतरच लिहीत असतो.

सर्वांत बोलका पुरावा सिसेरोने सांगितलेल्या एका प्रसंगात आहे. पार्थियावर, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्यावर, स्वारीसाठी निघालेला रोमन सेनापती मार्कुस क्रासुस ब्रुन्दिसिउम बंदरात सैन्य जहाजांवर चढवत होता. तेव्हा कौनुस गावच्या अंजिरांचा विक्रेता ‘कौनेआस’ असा पुकारा करत होता. क्रासुसने तो अपशकून मानायला हवा होता, असे मागाहून म्हटले गेले, कारण त्या शब्दात ‘कावे ने एआस’, म्हणजे ‘सांभाळ, जाऊ नकोस’, हे वाक्य ऐकू येत होते. क्रासुस गेला आणि इसवी सनापूर्वी ५३ मध्ये कार्हाइजवळ मारला गेला. शकुनाचे जे असेल ते असो. पण ‘कावे’चा ‘कौ’ ऐकू यायचा असेल, तर त्यातला ‘व’ हा ‘उ’च्या अगदी लगत असला पाहिजे. दात ओठाला लावून म्हटलेल्या ‘व्ह’चा ‘उ’ होत नाही.

‘व्हायरस’मधला ‘आय’ हा केवळ इंग्रजीचा हिशेब आहे. पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकत गेले आणि दीर्घ ‘ई’चा ‘आय’ झाला. लॅटिन ‘फीनालिस’चे ‘फायनल’ त्याच वाटेने झाले. जर्मन माणूस आजही ‘व्हीरुस’ म्हणतो. आपण शब्द इंग्रजीकडून घेतला असल्यामुळे मराठीत ‘व्हायरस’ हेच लिहावे आणि म्हणावे. लॅटिन मूळ ठाऊक झाले म्हणून बोलताना ‘वीरुस’ म्हणण्याचा अट्टहास करू नये. मात्र एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शुद्धलेखनाच्या नियमांत मराठी अकारान्त शब्दांच्या उपान्त्य इकाराला दीर्घ लिहायला सांगितले आहे, आणि ‘गुण’, ‘विष’ असे तत्सम शब्द त्याला अपवाद म्हणून दिले आहेत. लिहिताना आपण अपवाद पाळतो, पण बोलताना तो पाळत नाही. तोंडातून ‘वीष’ असेच येते, आणि विभक्ती लागून ‘विषाचा’ झाले की पुन्हा ऱ्हस्व होते. रोमन माणसाने आपले ‘वीष’ ऐकले असते, तर पहिले अक्षर त्याला स्वतःच्या शब्दासारखेच वाटले असते.

मराठी अनेकवचनाबद्दल वेगळे कोणी विचारलेले नाही, पण पहिल्या प्रश्नामागे तेही असावे. ‘व्हायरस’ मराठीत पुल्लिंगी चालतो. पुल्लिंगी अकारान्त नामाचे अनेकवचन मराठीत बदलत नाही, ‘एक देव, अनेक देव’, तसेच ‘एक व्हायरस, अनेक व्हायरस’. ऊकारान्त ‘विषाणू’ही ‘खडू’सारखा दोन्ही वचनांत एकच राहतो, क्रियापदावरून तेवढे कळते: ‘विषाणू पसरला’, ‘विषाणू पसरले’. मराठी वाक्यात ‘व्हायरसेस’ लिहिण्याची गरज नाही. ‘विषाणूंचे प्रकार’ किंवा ‘हे तीन व्हायरस’ असे लिहावे. वर्गात विद्यार्थ्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकासाठी ‘व्हायरसेस’ द्यावे, मराठीसाठी ‘विषाणू’ द्यावे, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला व्हर्जिलची ओळ फळ्यावर लिहून ‘मलुम’ आणि ‘वीरुस’ हे दोन शब्द अधोरेखित करून दाखवावेत.